उरवड्याच्या जमिनीचा भाव : पारावरचा, सरकारी आणि खरा

पिरंगुटाहून मुठ्याकडे जाणारा रस्ता धरला की उरवड्याच्या शिवारात दोन्ही अंगांना पाट्या दिसू लागतात. 'जागा विकणे आहे', 'फार्महाऊस प्लॉट', 'रिंगरोडलगत', 'क्लिअर टायटल'. पावसाळ्यात हिरवे डोंगर आणि भाताची खाचरे पाहून शहरातला माणूस गाडी थांबवतो आणि पाटीवरचा नंबर फिरवतो. पलीकडून एजंट भाव सांगतो. गिऱ्हाईक 'जरा कमी करा' म्हणते. एजंट थोडे उतरवतो, दोघेही खूश. पण ज्या भावाची ही घासाघीस चालली आहे तो आला कुठून, हे तिथे कोणीच विचारत नाही.

शेतकरी बंधूंनो, हा लेख जितका घेणाऱ्यासाठी आहे तितकाच देणाऱ्यासाठी. आपल्याकडे जमीन विकणारा तोच पुढे आत कोळवण खोऱ्यात किंवा दुसऱ्या तालुक्यात जमीन घेतो. म्हणजे एकाच हंगामात तो देणाराही असतो आणि घेणाराही. खरी किंमत कळली नाही तर दोन्हीकडे मार त्यालाच बसतो.

एका गटाचे चार भाव

उरवड्यातला कोणताही एक गट घ्या. त्याला एक भाव नसतो, चार असतात.

पहिला पारावरचा, म्हणजे एजंटाचा. 'परवा पलीकडच्या गटाला अमुक मिळाले' अशी त्याची सुरुवात असते. प्रत्यक्षात मिळाले किती आणि नुसते बोलले किती, याचा पुरावा कोणापाशी नसतो. एका चांगल्या रस्त्याकाठच्या सौद्याचा भाव डोंगरातल्या शेवटच्या बांधापर्यंत लावला जातो.

दुसरा सरकारी, म्हणजे रेडीरेकनरचा. नोंदणी व मुद्रांक विभाग वार्षिक बाजारमूल्य दर तक्ते काढतो. पूर्वी ते १ जानेवारीला निघत, २०१६ पासून १ एप्रिलला लागू होतात. मधली दोन वर्षे दर तसेच ठेवून १ एप्रिल २०२५ पासून ते वाढवण्यात आले. शेतजमिनीचा दर हेक्टरी असतो आणि आकारणीच्या गटाप्रमाणे बदलतो. रस्त्याकाठच्या आणि बिनशेती जमिनीचा वेगळा. हा दर मुद्रांक शुल्क ठरवण्यासाठी आहे. तुमच्या गटाला वाट आहे की नाही, ओढा आहे की नाही, हे त्या तक्त्याला ठाऊक नसते. म्हणून 'सरकारी भावापेक्षा स्वस्तात मिळाली' एवढ्यावर हुरळून जाऊ नये.

तिसरा कागदावरचा, म्हणजे खरेदीखतात लिहिलेला. तो इंडेक्स दोनवर 'मोबदला' या रकान्यात दिसतो, शेजारी 'बाजारभाव' हा सरकारी आकडाही असतो. याच आकड्याने गावाचे भले किंवा नुकसान होते. त्याकडे पुढे येऊच.

चौथा भाव पोटाचा. जमीन पिकवून काय मिळते त्यावरचा. समजा, एक एकर खाचरात इंद्रायणी लावली आणि बियाणे, खते, मजुरी वजा जाता वर्षाला ३० हजार रुपये हाती राहिले. बँकेत ७ टक्के व्याजाने ३० हजार मिळवायला सुमारे ४ लाख २८ हजार रुपये ठेवावे लागतात. म्हणजे शेती म्हणून त्या एकराची किंमत तेवढी, गुंठ्याला पावणेअकरा हजारांच्या आसपास. आता एजंट गुंठ्याचे पाच लाख सांगत असेल, तर त्यातला जवळजवळ सगळा पैसा भातासाठी नाही, आशेसाठी आहे. रस्ता होईल, बिनशेती होईल, शहर येईल, ही ती आशा. आशा विकत घ्यायला हरकत नाही, पण ती कशावर उभी आहे ते आधी पाहावे.

आशेचे काय होते?

याच रस्त्याने पुढे मुठा, टेमघर आणि मग लवासा. डोंगरात नवे शहर वसणार म्हणून या वाटेवरच्या जमिनीकडे लोकांचे लक्ष वळले. २०१० च्या नोव्हेंबरात केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने तिथले काम थांबवण्याची नोटीस दिली. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. ज्यांनी 'आज घेऊ, दोन वर्षांत दुप्पट' या हिशेबाने रस्त्यालगत तुकडे घेतले, त्यांच्या जमिनीची माती बदलली नाही, पाणी आटले नाही. आशा तेवढी गेली आणि तिच्याबरोबर भावातला फुगवटाही.

आताची आशा रिंगरोडची आहे. ती अधिक पक्की आहे, यात शंका नाही. रस्ते विकास महामंडळाचा पश्चिम भागातला वर्तुळाकार रस्ता मावळातल्या उर्स्याकडून भोरच्या दिशेने जातो आणि मुळशीतल्या ज्या गावांतून तो जातो त्यांत उरवडेही आहे. पण 'रिंगरोडलगत' या शब्दाचा अर्थ नीट समजून घ्या. हा रस्ता ११० मीटर रुंदीचा आखलेला आहे. शंभर मीटर लांबीला ११ हजार चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ पावणेतीन एकर जमीन तो घेतो. अशा द्रुतगती रस्त्यावर कुठूनही चढता-उतरता येत नाही. ठरलेल्या ठिकाणीच प्रवेश असतो. तेव्हा रस्ता बांधाला लागून गेला तरी प्रवेशाची जागा चार-पाच किलोमीटरवर असेल, तर तुमच्या वाट्याला गाड्यांचा आवाज येतो, वर्दळीचा धंदा येत नाही. उलट मधे भराव पडून जुनी बैलगाडीची वाट वळसा घेते. भाव ठरवताना रस्त्यापासूनचे अंतर मोजू नका. रस्त्यावर चढायच्या जागेपासूनचे मोजा.

कागदातला आकडा गावाला नडतो

आता मघाच्या तिसऱ्या भावाकडे येऊ. आपल्याकडे सर्रास काय चालते ते सगळ्यांना माहीत आहे. सौदा एका आकड्याला ठरतो, खरेदीखतात सरकारी दराएवढा किंवा थोडा वरचा आकडा लिहितात, उरलेले पैसे पिशवीतून येतात. घेणाऱ्याचे मुद्रांक शुल्क वाचते, देणाऱ्याला वाटते रोख हातात आली. दोघे मिळून चहा घेतात. नुकसान कोणाचे? गावाचे.

ते कसे, ते पाहा. २०१३ चा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू आहे. त्याच्या कलम २६ प्रमाणे बाजारमूल्य काढताना मुद्रांक कायद्याखालचा दर, आसपासच्या तशाच जमिनींच्या खरेदीखतांची सरासरी आणि काही प्रकल्पांत संमतीने ठरलेली रक्कम, यांतला जो आकडा मोठा असेल तो धरतात. खरेदीखते मागच्या तीन वर्षांची पाहतात आणि त्यांतली जास्त किमतीची निम्मी घेऊन सरासरी काढतात. मग त्यावर क्षेत्राप्रमाणे व प्रकल्पाप्रमाणे गुणक आणि वर शंभर टक्के दिलासा रक्कम.

समजा, गावात तीन वर्षांत सहा सौदे झाले. सगळे खरे गुंठ्याला ३ लाखांनी झाले, कागदावर मात्र १ लाख लिहिले. सरकारी दर त्याहून कमी आहे आणि गुणक १ आहे असे धरू. ज्याचे २० गुंठे रस्त्यात गेले त्याला सरासरी १ लाख, दिलासा धरून २ लाख, एकूण ४० लाख मिळतील. तेच सहा सौदे खरे लिहिले असते तर गुंठ्याला ६ लाख, म्हणजे १ कोटी २० लाख मिळाले असते. ऐंशी लाखांचा फरक. आणि घेणाऱ्याने वाचवले किती? शुल्क ६ टक्के धरले तर गुंठ्यामागे १२ हजार. कोणीतरी १२ हजार वाचवले म्हणून ज्याचा त्या सौद्याशी काही संबंध नाही असा शेजारी गुंठ्यामागे ४ लाखांनी बुडाला!

मोबदला कमी म्हणून पुढे मोर्चे निघतात, प्रांताच्या कार्यालयासमोर घोषणा होतात. त्यांत न्याय नाही असे नाही. पण तो आकडा कोणी लिहिला, हे एकदा आपल्याच गावचे इंडेक्स दोन काढून पाहावे. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

उलट युक्ती करणारेही भेटतात. संपादनाची चाहूल लागली की आपसांत फुगवलेल्या आकड्याची खते करायची. ती फारशी टिकत नाही. जो भाव खऱ्या बाजाराचा वाटत नाही तो बाजूला ठेवण्याचा अधिकार कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना दिला आहे. संमतीने जमीन दिली तर २५ टक्के जादा, ही सवलत रिंगरोडच्या वेळी बऱ्याच जणांनी घेतली. पण ते २५ टक्केही मूळ आकड्यावरच मोजले जातात. पायाच बुटका असेल तर वरचा मजला कितीसा उंच होणार?

गुंठे मोजा, पण कामाचे

सातबाऱ्यावर ४० गुंठे म्हणजे हातात ४० गुंठे असे नसते. डोंगराळ मुळशीत तर नाहीच. समजा, गुंठ्याला ५ लाखांनी एकराचा सौदा २ कोटींना ठरला. मोजणी केल्यावर ओढ्यात आणि पोटखराब्यात ५ गुंठे, आत यायच्या वाटेत ३ गुंठे आणि उभ्या उतारावर ८ गुंठे गेले. कामाचे राहिले २४. मग भाव ५ लाख राहिला नाही, ८ लाख ३३ हजार झाला. एवढ्या किमतीला कदाचित पिरंगुटाच्या जवळ सपाट जागा मिळाली असती.

म्हणून इसार देण्याआधी भूमी अभिलेख कार्यालयाची सरकारी मोजणी करून घ्या. खाजगी मोजणीदाराच्या चुन्याच्या फक्कीवर विसंबू नका. लगतच्या खातेदारांना नोटिसा जाऊन त्यांच्या समोर खुणा झाल्या की निम्मे तंटे तिथेच मिटतात. जागा पाहायला मे महिन्यात जाऊ नका, जुलैत जा. उन्हाळ्यात जिथे मोटार उभी केली तिथे पावसाळ्यात गुडघाभर पाणी वाहते की नाही, ते तेव्हाच कळते. आणि विहिरीला पाणी किती, हे विचारायला मात्र एप्रिल-मे बरा.

वाटेचे तर फारच जपावे. 'शेजाऱ्याच्या बांधावरून जातो, कोणी अडवत नाही' हे वाक्य विकणाऱ्याच्या पिढीपुरते खरे असते. तुम्ही परके आलात की दुसऱ्या दिवशी बांधावर काट्या पडतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे शेतरस्ता मागता येतो, पण तो शेतीची गरज म्हणून मिळतो, प्लॉटच्या फाटकासाठी नव्हे. नकाशावर दाखवलेली किंवा नोंदलेल्या दस्ताने मिळालेली वाट नसेल, तर ती जमीन निम्म्या भावाची समजा.

नकाशातला रंग

'झोन पिवळा आहे, लगेच एन.ए. होतो' असे सांगणारे पुष्कळ. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण २०१५ मध्ये स्थापन झाले. त्याचा प्रारूप विकास आराखडा २०२१ च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झाला. त्या रंगीत नकाशाच्या झेरॉक्स गावोगाव फिरल्या, त्यांवर सौदे झाले. हजारो हरकती आल्या, प्रकरण कोर्टात गेले आणि २०२५ मध्ये शासनाने तो आराखडाच रद्द करायचे ठरवले. ज्यांनी प्रारूप नकाशातल्या पिवळ्या रंगाला पैसे मोजले, त्यांच्या हाती झेरॉक्स राहिली. प्रारूप म्हणजे मंजूर नव्हे, हा धडा त्यातून घ्यावा. एजंटाच्या मोबाईलमधला नकाशा नको, गट नंबर घालून अधिकृत झोन दाखला मागवा.

डोंगराचा उतार हा आपल्याकडचा मोठा प्रश्न. डोंगरमाथा-डोंगरउतार म्हणून दाखवलेल्या जागेत आणि एकास पाचपेक्षा तीव्र चढावर साधारणपणे बांधकामाला परवानगी मिळत नाही. नेमकी अशीच जागा 'व्ह्यू' आहे म्हणून महाग सांगतात. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते याचसाठी. वनाची नोंदही पाहा. १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याच्या नोंदी डोंगरी गटांवर कुठे कुठे आहेत. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राची प्रारूप अधिसूचनाही केंद्राने २०२४ च्या जुलैत पुन्हा काढली आहे. घ्यायचे त्या गावाचे नाव त्या यादीत आहे का, ते वाचून घ्यावे.

सातबाऱ्याची उजवी बाजू

लोक सातबाऱ्यावर डाव्या बाजूचे नाव वाचतात आणि कागद घडी करतात. भाव खरा ठरतो उजव्या बाजूला, 'इतर हक्कां'त. कुळाची नोंद, सोसायटीचा बोजा, वन, संपादन, कोर्टाचा मनाई हुकूम, सगळे तिथे असते. वर भूधारणा पद्धती लिहिलेली असते. वर्ग एक असेल तर ठीक. वर्ग दोन असेल तर परवानगी आणि नजराणा यांचा खर्च किमतीतून वजा करा. आदिवासी खातेदाराची आणि वतनाची जमीन असेल तर परवानगीशिवाय एक पाऊलही पुढे टाकू नका. २०२५ च्या नोव्हेंबरात पुण्यातल्या मुंढव्याच्या महार वतनी जमिनीच्या व्यवहारावरून राज्यभर गदारोळ झाला, तो आपण वाचलाच असेल.

घेणारा शेतकरी नसेल तर कूळकायद्याचे कलम ६३ आडवे येते. कोणाच्या तरी नावावर घेऊन ठेवू, हा मार्ग शेवटी जमीन सरकारजमा होण्याकडे नेतो.

दोन-दोन, पाच-पाच गुंठ्यांचे तुकडे तर वेगळेच दुखणे. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. २०२३ च्या ऑगस्टमध्ये प्रमाणभूत क्षेत्र बागायतीला १० आणि जिरायतीला २० गुंठे असे ठरले. २०२५ मध्ये कायद्यात बदल करून शहरी व नियोजनाच्या हद्दीतले जुने तुकडे नियमित करायची वाट काढण्यात आली. पण व्यवहार नियमित झाला म्हणून तुकड्याला रस्ता फुटत नाही, गटार येत नाही. एका सातबाऱ्यावर पंधरा अनोळखी माणसांची नावे असतील, तर उद्या कर्ज काढताना किंवा विकताना पंधरा सह्या गोळा कराव्या लागतील. त्याचीही किंमत वजा धरा.

आणि बहिणी! २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क आहे आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. भावाने एकट्याने सही केलेली जमीन स्वस्त दिसते, पण तिच्या पोटात दावा असतो. फेरफार मागे मागे वाचत जा, वारसाच्या नोंदीत कोणाचे नाव गळले ते पाहा. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट वकिलाकडून घ्या. विकणाऱ्यानेही बहिणीची सही आधी समजुतीने घ्यावी. तिचा वाटा दिला तर तुमच्याच जमिनीचा भाव वाढतो, कारण निर्धोक जमिनीला गिऱ्हाईक जास्त देते.

शेजार कोण?

७ जून २०२१ हा दिवस उरवडे विसरणार नाही. गावच्या हद्दीतल्या रसायनांच्या कारखान्याला आग लागली आणि १७ कामगारांचा जीव गेला, त्यांत बहुतेक महिला. पोटासाठी कामाला आलेल्या बाया होत्या त्या. त्या घटनेकडे पैशाच्या नजरेने पाहणे मनाला पटत नाही. तरी जमीन घेताना लगतच्या शेडमध्ये काय बनते, काय साठवतात, सांडपाणी कुठे सोडतात आणि आगीचा बंब आत येईल एवढा रस्ता आहे का, हे विचारायलाच हवे. या प्रश्नांची उत्तरे मिळत नसतील तर शेजारच्या गटाचा भाव उतरलेलाच धरावा. उद्या तिथे आपलीच लेकरे राहणार आहेत.

ग्रामसभेने काय करावे

शंभर वर्षांपूर्वी, १९२१ ते १९२४ या काळात, याच तालुक्यातल्या मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा होती. त्यांची जमीन हिरावून घेतली गेली. आपण आज स्वतःच्या सहीने देतो. मग निदान काय देतो आणि कितीला देतो, हे तरी कळून द्यावे.

एका घराला सगळे तपासणे जड जाते, गावाला जात नाही. सरपंच आणि सदस्यांनी मनावर घेतले तर तीन गोष्टी सहज होतील. गेल्या तीन वर्षांतल्या सौद्यांचे इंडेक्स दोन काढून गटवार आकडे चावडीवर लावावेत. ते सरकारी दप्तरातलेच आहेत, लपवायचे काही कारण नाही. रिंगरोडची आखणी, झोन आणि वनाच्या नोंदी असलेला गावचा नकाशा पंचायतीत टांगावा. आणि तलाठ्यांनी, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांनी, वर्षातून एकदा ग्रामसभेत प्रलंबित वारसनोंदी वाचून दाखवाव्यात. एवढे झाले तर एजंटाची निम्मी दुकानदारी आपोआप बंद पडेल.

आणि आपण, जो सौदा कराल त्याचा खरा आकडा कागदावर लिहा. घेणारा नको म्हणेल, 'सगळे असेच करतात' म्हणेल. त्याला सांगा, तू उद्या निघून जाशील, पण हा आकडा माझ्या गावाच्या नावावर राहणार आहे.